‘पेशंट स्टेबल आहे’ म्हणजे नेमकं काय?

ताई, नमस्कार.

घरी जाऊन नर्सिंग सेवा देणाऱ्या एका संस्थेत मी आठ महिन्यांपासून इनटेक कोऑर्डिनेटर आहे. शिक्षण कॉमर्सचं, आधी दवाखान्याशी कधी संबंध आला नव्हता. हॉस्पिटलमधून रेफरल आला की कागद घ्यायचे, घरच्यांशी बोलायचं, इन्शुरन्स बघायचा, नर्सची वेळ लावायची, हे माझं काम. महिन्यापूर्वी एक रेफरल आला. वय 79, न्यूमोनियातून उठलेले आजोबा, ‘पेशंट स्टेबल, थोडा ऑक्सिजन, रोज एक ड्रेसिंग’. सुट्टीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. हॉस्पिटलला बेड रिकामा हवा होता, आमच्या साहेबांना केस हवी होती. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पोचल्या तेव्हा ऑक्सिजनचं मशीन आलेलंच नव्हतं, अ‍ॅम्ब्युलन्ससोबत आलेला सिलिंडर संपत आला होता, आणि ‘एक ड्रेसिंग’ म्हणजे माकडहाडावरची, बोट आत जाईल एवढी खोल जखम होती. आजोबांना तासाभरात परत दाखल करावं लागलं. आता ते बरे आहेत. पण त्यांच्या मुलाने फोनवर विचारलं, ‘तुम्हाला माणसं दिसतात की नुसते कागद?’ सिस्टर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. साहेब म्हणतात, होतं असं, आकडा खाली जाऊ देऊ नकोस. मला रात्री तो प्रश्न ऐकू येतो. फोन वाजला की पोटात गोळा येतो. माझ्यासारखीने ही नोकरी करावी का? आणि त्या मुलाला फोन करून माफी मागावी का?

– इनटेकवाली

प्रिय इनटेकवाली,

तुझं पत्र वाचून मी आधी त्या संध्याकाळचा विचार केला. बरीच वर्षं मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग केलं, कॅथेटर (लघवीच्या नळ्या) बदलले, आणि पुढे काही वर्षं तुझ्याच खुर्चीत बसले. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर आलेले रेफरल मला चांगले आठवतात. पलीकडचा माणूस घाईत असतो, त्याच्यामागे आणखी कोणी घाईत असतं, आणि ‘स्टेबल’ हा शब्द त्या घाईतून येतो.

चूक झालीच नाही, असं मी तुला म्हणणार नाही. ती तुझी एकटीची नव्हती, पण तुझी होतीच. ऑक्सिजन घरात पोचलाय का, हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, आणि हे तुलाही माहीत आहे म्हणून झोप लागत नाही. तुला ‘जाऊ दे गं’ म्हणणारे भेटले असतील, त्याने बरं वाटलेलं नाही, म्हणून तू मला लिहिलंस. तेव्हा आपण ‘स्टेबल’ या शब्दापासूनच सुरुवात करू.

‘स्टेबल’ हा शब्द हॉस्पिटलवाले खोटं बोलायला वापरत नाहीत. त्यांच्या जागी तो खराच असतो. तिथे पाळीपाळीने जाग्या राहणाऱ्या सिस्टर आहेत, भिंतीतून ऑक्सिजन येतो, पलंगाचं डोकं वर करता येतं, दर काही तासांनी कोणीतरी कूस बदलतं. एवढ्या सगळ्याच्या आधारावर आजोबा स्टेबल होते. घरी नेलं की नाडी तीच, ताप तोच, पण आधार निघून जातो. म्हणून रेफरलवर ‘स्टेबल’ दिसलं की मनात लगेच पुढचा प्रश्न आला पाहिजे: कशाच्या जोरावर स्टेबल? त्यातलं काय काय घरी असणार आहे, आणि कधीपासून? माझ्या मते इनटेकचं अख्खं काम या एका प्रश्नात आहे. फॉर्म भरणं त्याच्या मागून येतं.

हे विचारायला नर्स असावं लागत नाही. ‘थोडा ऑक्सिजन’ ऐकलं की विचार: मिनिटाला किती लिटर? नाकातल्या नळीने की मास्कने? दिवसभर की फक्त झोपताना? बसलेले असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, किती, आणि बाथरूमपर्यंत चालून आल्यावर किती? घरी वापरायचे कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजनची मशीनं, बहुतेक 5 लिटरपर्यंतचे असतात. 10 लिटरचेही मिळतात, पण ते मुद्दाम मागवावे लागतात. 7 लिटरवरच्या माणसाला 5 लिटरच्या मशीनवर घरी पाठवलं तर त्याला काय होणार हे सांगायला डॉक्टर नको. शिवाय हे मशीन खोलीतल्याच हवेतून नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देतं, म्हणजे वीज गेली की तेही गेलं. जोडीला भरलेला सिलिंडर आहे का, आणि तो किती तास पुरेल, हे विचारल्याशिवाय वेळ लावायची नाही. आणि मशीन ‘मागवलंय’ हे उत्तर धरायचं नाही. ‘घरात आलंय, लावून बघितलंय’ हे उत्तर धरायचं.

जखमेचंही तसंच. बेडसोअर, म्हणजे अंथरुणाला खिळून होणारी जखम, तिचे चार टप्पे धरतात. पहिल्यात कातडी शाबूत असते, नुसती लाली, बोटाने दाबली तरी न जाणारी. चौथ्यात स्नायू किंवा हाड दिसतं. ‘रोज एक ड्रेसिंग’ दोघांनाही म्हणता येतं! पहिल्याच्या घरी सिस्टर वीस मिनिटांत मोकळी होते. चौथ्याच्या घरी तिला तास लागतो, वेगळं सामान लागतं, पेशंटला कुशीवर धरायला दुसरं माणूस लागतं. तेव्हा जखम कुठे आहे, किती सेंटिमीटर लांब, किती रुंद, किती खोल, पाणी किंवा पू येतो का, शेवटचं ड्रेसिंग कधी झालं आणि कशाने केलं, एवढं कागदावर हवंच. वॉर्डच्या सिस्टरला थेट फोन लावून विचार. डिस्चार्ज समरी, म्हणजे घरी सोडतानाचा कागद, जो लिहितो त्याने ती जखम कदाचित पाहिलेलीही नसते. जिने सकाळी ड्रेसिंग केलं तिला ती डोळ्यांसमोर दिसत असते.

कॅथेटर असेल तर घातल्याची तारीख घे. शिरेतून अँटिबायोटिक चालू असेल तर शेवटचा डोस किती वाजता दिला आणि पुढचा किती वाजता येतो, हे घड्याळाच्या काट्यासकट घे, कारण डिस्चार्जच्या धावपळीत सगळ्यात आधी हाच डोस चुकतो. बाकीच्या गोष्टी तुझ्या फॉर्ममध्ये असतीलच, त्यांत मी जात नाही.

घरच्यांशी बोलण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तुला लागलेला बोल तिथूनच आला आहे.

‘पेशंट स्वतःचं स्वतः करतात का?’ असं विचारलं की घरचे म्हणतात, ‘हो, हो, करतात की.’ ते खोटं बोलत नाहीत. बाबा आजारी पडण्यापूर्वी जसे होते तसेच ते त्यांना दिसत असतात. 1963 साली सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टी धरून माणूस कितपत स्वावलंबी आहे हे मोजायची रीत मांडली, ती आजही वापरतात: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. या सहांतली प्रत्येक गोष्ट वेगळी विचारायची, आणि ‘करतात का’ असं न विचारता ‘आज कशी केली’ असं विचारायचं. ‘आज सकाळी पलंगावरून कसे उठले?’ मग उत्तर येतं, ‘मी एका बाजूने धरलं, भावाने दुसऱ्या बाजूने.’ आता तुला कळलं की भाऊ कामावर गेला की आजोबा पलंगावरच राहणार.

आणि एक प्रश्न माझा स्वतःचा. कुठल्याच फॉर्ममध्ये तो मला दिसला नाही, पण वर्षानुवर्षं मी विचारत आले: ‘काल रात्री तुम्ही किती वेळा उठलात?’ पेशंट नव्हे, तुम्ही. एकदा एका बाईंना हे विचारलं तेव्हा फोनवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, ‘मी झोपलेच नाही.’ सासूबाई दर अर्ध्या तासाने उठून दाराकडे जात होत्या, म्हणून ती बाई दाराला पाठ लावून बसून राहिली होती. तीन रात्री. रेफरलवर होतं ‘फिजिओथेरपी, आठवड्यातून दोनदा’. त्या घराला आधी रात्रीचा माणूस हवा होता. आजोबांच्या मुलाने तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. माणसं कागदातूनच दिसतात, पण त्यासाठी कागदावर त्यांची रात्र लिहिलेली असावी लागते.

औषधांचं एक काम फोनवर करून घेत जा. समरीतली यादी वाचून दाखवून ‘बरोबर आहे ना?’ विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. त्यांना सांग, घरातला औषधांचा डबा घेऊन बसा आणि प्रत्येक पाकिटावरचं नाव मला वाचून दाखवा, जुन्या औषधांसकट. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी डब्यात असते, एक आधीची, एक हॉस्पिटलने दिलेली, आणि पेशंट दोन्ही घेत असतो. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता नवल वाटत नाही, भीती मात्र दर वेळी वाटते. असं काही सापडलं तर काय बंद करायचं ते तू सांगायचं नाहीस. ताबडतोब नर्सला किंवा डॉक्टरांना कळवायचं आणि ते घरच्यांशी बोलेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. ‘ताप आहे, ही गोळी देऊ का?’ यालाही तेच. धाप लागलीय, छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय असं कोणी सांगितलं तर तो फोन इनटेकचा राहिलाच नाही. फॉर्म बाजूला ठेव आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांग.

आपल्या मराठीची एक खोडही लक्षात ठेव. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. फोनवर पलीकडे पंखा चालू असला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज असला, की हे आकडे एकमेकांत मिसळतात. इन्सुलिनचे युनिट एकोणीस की एकोणतीस, यात माणूस जाऊ शकतो. डोस, फोन नंबर, घर नंबर, जन्मतारीख, सगळं अंक सुटे करून परत वाचून दाखवायचं: ‘एक, नऊ. बरोबर?’ आणि पेशंटची ओळख नेहमी दोन गोष्टींनी पटवायची, पूर्ण नाव आणि जन्मतारीख. एकाच आडनावाचे दोन आजोबा एकाच दिवशी डिस्चार्ज होतात, तेव्हा याचं मोल कळतं.

आता सिस्टरबद्दल. त्यांचा राग मला समजतो, मी त्यांच्या जागी होते. अनोळखी दार उघडतं, आत माणूस धापा टाकतोय, आणि आपल्या पिशवीत गॉज आणि चिकटपट्टी. त्या क्षणी आपल्याला एकटं पाडलं असं वाटतं. त्यांना जाऊन सांग, ‘मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.’ हॉस्पिटलची घाई, साहेबांचा आकडा, यातलं काही त्या वाक्याला जोडू नकोस. आणि त्यांच्याबरोबर एक दिवस व्हिजिटला जाऊ दे म्हणून विनंती कर. आठ महिन्यांत तुला कोणी घर दाखवलेलं नाही, हे तुझ्या पत्रातून मला दिसतं, आणि ही तुझ्या संस्थेची मोठी चूक आहे. पलंग आणि बाथरूमच्या मधला उंबरठा, वॉकर आत न जाणारं दार, गादीखाली ठेवलेले रिपोर्ट, हे एकदा पाहिलंस की फोनवर प्रश्न आपोआप सुचतील.

पुढच्या वेळी केस त्यांच्या हाती देताना चार गोष्टी या क्रमाने सांग: आत्ता काय आहे, आधी काय झालं, तुला कशाची शंका वाटते, आणि त्यांच्याकडून काय हवं. आरोग्यसेवेत याला एसबार म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरच्या पद्धतीवरून ही रीत हॉस्पिटलांत आली. तिसरी गोष्ट, शंका, बहुतेक इनटेकवाले गाळतात. आपण कॉमर्सचे, आपण कसली शंका बोलायची, असं वाटतं. पण ‘मुलगी बोलताना सारखी अडखळत होती, मला वाटतं घरात कोणी नाहीये’ हे वाक्य नर्सला समरीच्या चार पानांपेक्षा जास्त सांगून जातं.

साहेबांचं काय? ‘मी घाईत केस घेणार नाही’ असं म्हणालीस तर ते चिडतील. त्याऐवजी उत्तर असं दे: ‘ऑक्सिजनचं मशीन घरात लागलं, जखमेचं माप आलं, औषधांची यादी आली, की सकाळची वेळ देते.’ हा होकारच आहे, फक्त अटीसकट. आणि ज्या केसला आपल्याकडे माणूसच नाही तिला त्याच तासात नाही म्हण, म्हणजे हॉस्पिटलला दुसरीकडे बघायला वेळ मिळतो. लवकर दिलेला नकार त्या कुटुंबाच्या उपयोगी पडतो. ‘बघते’ म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताटकळत ठेवणं वाईट. एक महिनाभर वही ठेव: कुठली केस अर्धवट माहितीवर घेतली आणि तिचं पुढे काय झालं. किती व्हिजिट फुकट गेल्या, किती पेशंट परत दाखल झाले. ती वही साहेबांपुढे ठेव. आकडा त्यांना कळतो, तर त्यांच्याशी आकड्यातच बोलू.

ही नोकरी तुझ्यासारखीने करावी का, असं तू विचारलंस. तुला एक गोष्ट सांगते. 1859 साली लिव्हरपूलमधल्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको आजारपणात गेली. घरी तिची शुश्रूषा केली होती मेरी रॉबिन्सन या नर्सने. आपल्या घरी जो दिलासा मिळाला तो गरिबांच्याही घरी पोचावा म्हणून रॅथबोननी तिला तीन महिन्यांसाठी वस्तीत पाठवलं, लागणारं सामान पुरवलं. महिना होतो न होतो तोच ती रडत परत आली, म्हणाली, हे दुःख बघवत नाही, मला मोकळं करा. त्यांनी तिला ठरलेली मुदत पुरी करायची विनंती केली. तीन महिने संपले तेव्हा मात्र ती श्रीमंतांच्या घरची नोकरी धरायला परत गेली नाही, याच कामात राहिली. घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या संघटित नर्सिंगची सुरुवात लोक तिथून धरतात. पहिल्याच बाईला पहिल्याच महिन्यात तुझ्यासारखं वाटलं होतं.

म्हणून आत्ता, या चुकीच्या ओझ्याखाली, राजीनाम्याचा निर्णय घेऊ नकोस. तीन महिने दे. सिस्टरबरोबर व्हिजिटला जा, वही ठेव, प्रश्न बदल. एवढं करूनही, लेखी दाखवूनही, साहेब म्हणाले की माणूस नसला तरी केस घे, तर ती संस्था सोड. ते काम मात्र सोडू नकोस. ज्या बाईला एका आजोबांसाठी महिनाभर झोप लागत नाही, ती फोनच्या या बाजूला असावी असं मला एक नर्स म्हणून मनापासून वाटतं. पण झोपेचं मी हलक्यात घेत नाही. फोन वाजल्यावर पोटात गोळा येणं आणखी काही आठवडे असंच राहिलं, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

राहिला त्या मुलाचा फोन. कर. आधी साहेबांना सांगून कर, लपूनछपून नको. फोनवर पहिला प्रश्न माफीचा नको, ‘बाबा आता कसे आहेत?’ हा असू दे, आणि उत्तर पूर्ण ऐक. मग सांग, ‘त्या दिवशी ऑक्सिजन पोचलाय का हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. आता प्रत्येक घरी ते विचारल्याशिवाय मी वेळ लावत नाही.’ एवढंच. तो पुन्हा ओरडला तर ओरडू दे, त्याला ‘शांत व्हा’ म्हणू नकोस. ज्याच्या बापाचा श्वास त्याच्यासमोर अडकला त्याची भीती अजून गेलेली नसणार. त्याने माफ करावं ही अपेक्षा ठेवून फोन लावू नकोस. त्याला काही हवं असेल, पुढच्या ड्रेसिंगची वेळ, मशीनवाल्याचा नंबर, तर लिहून घे आणि कधी कळवतेस त्याची वेळ सांग. चार वाजता म्हणालीस तर चारला फोन कर, उत्तर मिळालेलं नसलं तरी.

आणि फोन सकाळी अकराच्या सुमारास लाव. त्या वेळेपर्यंत आजाऱ्याच्या घरी अंघोळ, औषधं, नाश्ता उरकलेला असतो, आणि कोणीतरी खुर्चीत टेकलेलं असतं.

– तुझी ताई